किती देती?

पंपावर, चहाच्या गाड्यापाशी, फाटकात रेल्वे आडवी आली की
लोक बॉनेटवर पंजा ठेवतात,
बाजारात म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा,
आणि विचारतात,
"किती देती?"

सात, मी सांगतो. वारा मागून असला तर आठ.
मग ते हात काढून घेतात.

शहाऐंशी साली मी कुपवाडच्या वसाहतीत हेल्पर.
माधवनगर रस्त्यावर सायकलची चेन बसवायला वाकलो होतो
आणि शेजारून कॉन्टेसा गेली.
पांढरी. लांब.
आखाड्यात उतरण्याआधी खांदे सैल सोडून चालतो पैलवान, तशी.
मागच्या सीटवर कारखान्याचा कुणी संचालक पेपर वाचत होता.
मी काळ्या बोटांनी तसाच उभा.

त्या अंगात तेव्हा ॲम्बॅसेडरचं काळीज होतं,
चढाला धाप लागायची.
हे फार नंतर कळलं.
तोवर उशीर झाला होता.

अठरा वर्षांनी एका लिलावात,
वजनकाट्याच्या मागं, चिपाडात रुतलेली मिळाली,
जपानी इंजिनाची.
भाव किलोवर लागला होता.
मी किलोवरच घेतली.

तेव्हापासून दर रविवारी हरिपूर रस्त्यावर, चिंचांखाली,
आम्ही पाच-सहा जण बॉनेटं उघडून उभे असतो.
मिरजेचा दिलावर, तंबोऱ्याला जवारी लावणारा,
स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला,
डोळे मिटतो. "तिसरा टॅपेट उतरलाय."
तासगावची वैदेही लाड, बागांचे ब्लोअर दुरुस्त करते,
तिची गाडी डिझेलची, म्हणून आम्ही तिला चिडवतो
आणि घाटात तिच्याच मागं राहतो.
सुरगोंडा हळदीच्या अडतीतून थेट येतो,
त्याचं स्टिअरिंगसुद्धा पिवळं.
मिळत नाही तो बुश मी लेथवर काढतो.
पैसे कुणी देत नाही. भडंग आणतात.

इंदूला यातलं काही पटलं नाही.
तिनं एक वही केली. डेअरीच्या वहीसारखी,
तारीख, लिटर, किलोमीटर, रुपये.
"भांडायचं तर हिशेब दाखवून भांडावं," म्हणायची,
आणि वही गाडीच्याच कप्प्यात ठेवायची,
म्हणजे दार उघडलं की मला दिसेल.

मग तो ऑगस्ट.
आयर्विनखालचं पाणी मोजायचं लोकांनी सोडून दिलं.
आम्ही माळ्यावर, मग नावेत, मग शाळेत.
ती गावभागात, शेडमध्ये, छतावरून पाणी.
नऊ दिवस.

परत आलो तर शेडसमोर तिघं आधीच उभी,
चिखलात गुडघ्यापर्यंत,
रॉकेलचा डबा, पाने, बादल्या.
आधी त्यांनी माझं घर धुतलं.
गाडीचं नावही कुणी काढलं नाही दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी दिलावरनं प्लग काढले
आणि प्रत्येक भोकातून कृष्णा बाहेर आली.
ॲशट्रेत एक मासळी होती, बोटाएवढी.
वैदेहीनं ती पाण्यात सोडली, न बोलता.

वही निघाली. फुगलेली, पाव भिजावा तशी.
पान न् पान कोरं.
पंधरा वर्षांचे लिटर, पंधरा वर्षांचे रुपये,
शाई सगळी नदीनं नेलेली.
इंदूनं ती उन्हात ठेवली, उलटीसुलटी केली,
म्हणाली, "चला. आता मला बोलायला पुरावा नाही."

इंजिन लागायला चौदा महिने लागले.
पहिल्या दिवशी ती आपणहून पुढं बसली,
खिडकी खाली, पदर खोचलेला.

पंपावरचा पोरगा नवा होता.
बॉनेटवर पंजा ठेवला, थोपटलं,
"काका, किती देती?"

मी तोंड उघडायच्या आत
ती खिडकीतून म्हणाली,
"भाकड आहे रे बाळा.
पण हिला बाजार दाखवायचा नाही."